बाजार हलतो, झळ बांधावर पोचते

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा सगळीकडून एकच सल्ला ऐकू यायला लागला : नवे बाजार शोधा. सल्ला चुकीचा नाही. कुठल्याही देशाचं गिऱ्हाईक कायम एकच राहत नाही आणि राहूही नये. पण सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला त्यापुढचा प्रश्न पडतो. जुना बाजार सुटल्यापासून नवा बाजार हाताला लागेपर्यंत दोन-चार हंगाम जातात. त्या हंगामांचा खर्च कोणी सोसायचा? आजवर तो बहुतेक वेळा पिकवणाऱ्याने सोसला आहे. माझं म्हणणं असं की हे काही अटळ नाही. सरकारने मनावर घेतलं तर हा भार वाटून घेता येतो, आणि त्यासाठी लागणारी बरीचशी व्यवस्था आपल्याकडे आधीच तयार आहे.

देशाची गिऱ्हाइकं कशी बदलत गेली ते आधी थोडक्यात पाहू. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ताग, चहा आणि सुती कापड हा आपला मुख्य माल होता आणि सर्वांत मोठं गिऱ्हाईक ब्रिटन. १९६०-६१ मध्येसुद्धा आपल्या निर्यातीचा चौथ्या हिश्शाहून जास्त माल तिकडे जात होता. पुढच्या वीस वर्षांत सोव्हिएत संघ वर आला. व्यवहार रुपयांत, करार सरकार-सरकारमध्ये. १९८०-८१ मध्ये आपली सुमारे १८ टक्के निर्यात त्या एका देशाकडे होती. डिसेंबर १९९१ मध्ये तो देशच नकाशावरून गेला आणि त्याच्याकडे जाणारा हिस्सा दोन-तीन वर्षांत एक आकडी झाला. मग अमेरिका. २००८-०९ पासून काही वर्षं संयुक्त अरब अमिरातीचा पहिला क्रमांक, पुन्हा अमेरिका. २०२४-२५ मध्ये आपल्या मालाच्या निर्यातीतला जवळपास पाचवा हिस्सा एकट्या अमेरिकेने घेतला. यातला एकही बदल आपला माल बिघडला म्हणून झालेला नाही. कुठे राज्य कोसळलं, कुठे सत्तेवरचा माणूस बदलला, कुठे तेलाचा पैसा आला. म्हणजे मन लावून काम करणाऱ्या उत्पादकाच्या हातात या उलथापालथीतलं काहीच नव्हतं.

आपल्या भागाने याचा सर्वांत कडू अनुभव स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी घेतला आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. वर्षभरात ब्रिटनला जाणाऱ्या कापसात सर्वांत मोठा वाटा हिंदुस्थानचा झाला. मुंबईत पैशाचा पूर आला. मुंबईच्या पेढ्यांनी गावोगावच्या सावकारांना उचल दिली आणि सावकारांनी कुणब्याला. एरवी चार वेळा खेपा घालायला लावणारा सावकार आता हात सैल सोडू लागला. कर्ज सहज मिळत होतं, म्हणून ते घेतलं गेलं. विहिरी खोदल्या गेल्या, बैल आले, लग्नं झाली.

१८६५ मध्ये युद्ध थांबलं. अमेरिकेचा कापूस परत आला, इकडचा भाव पडला, मुंबईतल्या शेअरच्या सट्ट्याचा फुगा फुटला. पेढ्यांनी हात आखडले, सावकारांनी कर्ज बंद केलं आणि जुन्या बाकीचा तगादा सुरू केला. त्याच सुमारास, १८६७ मध्ये, सरकारने नव्या पाहणीनुसार शेतसारा वाढवला. काही ठिकाणी ही वाढ ५० ते १०० टक्के होती. तेजीच्या काळातली कमाई बघून सारा ठरला आणि भरायची वेळ आली ती मंदीत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जखतं, वह्या जाळल्या. हे लोण नगर जिल्ह्यात पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. तो लागू झाला चार जिल्ह्यांना : पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके होते. १९४९ मध्ये त्यांचा दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये सांगली जिल्हा.

या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तारखांची रांग. भाव पडला १८६५ मध्ये, सारा वाढला १८६७ मध्ये, वह्या जळल्या १८७५ मध्ये आणि कायदा आला १८७९ मध्ये. बाजार कोसळल्यापासून सरकारी मदत दारात यायला चौदा वर्षं लागली. तेवढ्यात जमिनी हातच्या गेल्या होत्या. लिव्हरपूलचा व्यापारी दुसऱ्या मालाकडे वळला, मुंबईचा दलाल बुडाला तरी व्यापारात पुन्हा उभा राहिला. जमिनीला बांधलेला माणूस मात्र दुसरीकडे वळू शकत नव्हता.

आता तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस, जत या पट्ट्यातल्या द्राक्षबागेकडे या. बाग एकदा उभी केली की दहा-बारा वर्षांची बांधिलकी. खुंट, कलम, मांडव, ठिबक, शेततळं यांत एकरी लाखांनी पैसा जातो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी, आणि मधल्या काळात प्रत्येक ढगाकडे बघत मारलेल्या फवारण्या. युरोपला पाठवायचा माल पिकवायचा तर वेलीवर घड कमी ठेवायचे, मण्याची जाडी मोजून वाढवायची, कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं याची वही ठेवायची. म्हणजे कुठल्या बाजारासाठी पिकवायचं हा निर्णय छाटणीच्या वेळी होतो. फेब्रुवारीत बाजार बदलला तर वेलीला सांगता येत नाही.

२०१० मध्ये नेमकं हेच घडलं. युरोपातल्या तपासणीत भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. आपल्याकडे त्याला सीसीसी म्हणतात, किंवा लिहोसिन. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून काडीत घड धरावा म्हणून ते फवारायची सर्रास पद्धत होती. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडे निर्यातीपूर्वी प्रयोगशाळेत ज्या रसायनांची तपासणी होत होती, त्या यादीत हे नावच नव्हतं. बागायतदाराने नियमाप्रमाणे नमुना दिला, प्रमाणपत्र मिळालं, माल बोटीत चढला आणि तिकडच्या बंदरात अडकला. यादी करणारं कार्यालय वेगळं, प्रमाणपत्र देणारी प्रयोगशाळा वेगळी, पैसे अडकले ते मात्र बागेतल्या माणसाचे.

त्यानंतर जे काम झालं त्याचं मोल मी कमी करणार नाही. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने याद्या सुधारल्या, तपासणी कडक झाली, बागायतदारांनी सवयी बदलल्या. २०२३-२४ मध्ये देशातून सुमारे ३.४४ लाख टन द्राक्षं बाहेर गेली, किंमत सुमारे ३,४६० कोटी रुपये. ज्यांचं २०१० मध्ये नुकसान झालं त्यातल्या अनेकांनी पुन्हा छाटणी केली, पुन्हा नोंदणी केली. यात सरकारी योजनांपेक्षा या भागातल्या माणसाच्या चिवटपणाचा वाटा मोठा आहे. पण चिवटपणावर धोरण उभं करता येत नाही.

कारण संकटांचे प्रकार वाढत चालले आहेत. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपच्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या. प्रवासात सुमारे दोन आठवड्यांची भर, भाडं वाढलेलं, आणि आत नाशवंत माल. त्याआधी २०२२ मध्ये डॉलरची चणचण भासू लागलेल्या बांगलादेशाने फळं चैनीच्या मालात धरून त्यांच्यावरचा आयात कर वाढवला. आपल्या बाजूने हा बाजार फार सोयीचा होता. जवळचा, युरोपइतके नखरे नसलेला, ट्रकने पोचणारा. विदर्भाच्या संत्र्याला याचा फटका सर्वांत जोरात बसला, पण द्राक्षाच्या गाड्यांचं गणितही बिघडलं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. देशात पिकणाऱ्या द्राक्षातला दहावा हिस्साच बाहेर जातो, बाकी इथेच खपतो, मग एवढी चिंता कशाला? शिवारात सौदा करणारा कुठलाही बागायतदार याचं उत्तर देईल. बाहेर जाणारा माल थांबला की तोच उत्तम माल वाशी, दिल्ली, कोलकात्याच्या बाजारात उतरतो आणि साध्या मालाचा भाव पाडतो. चार किलोच्या पेटीचा दर ठरताना व्यापारी आधी हेच विचारात घेतो की बाहेर उचल आहे की नाही. मग ज्याला दर पटत नाही तो माल शेडवर टाकून बेदाणा करतो, आणि सगळेच बेदाणा करायला लागले की तासगाव-सांगलीच्या बेदाणा सौद्यातही मंदी येते. दहावा हिस्सा हलला तरी उरलेले नऊ हिस्से हलतात.

आतापर्यंत सांगितलं ते बाहेरून आलेलं. पण बाजार आपण आपल्या हातानेही घालवतो, आणि ते मला जास्त सलतं. साताऱ्यातलं लोणंद कांद्याचं मोठं मार्केट. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबरला थेट बंदी, ३१ मार्चपर्यंत म्हणून सांगितलेली, ती पुढे वाढवली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, शुल्क राहिलं. सप्टेंबरमध्ये ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला संपलं. पावणेदोन वर्षांच्या आत इतक्या वेळा नियम फिरले. या काळात ज्याने रोप टाकलं, ज्याने चाळीत कांदा भरला, त्याने कुठल्या आधारावर निर्णय घ्यायचा होता?

आणि समोरच्या देशाने तरी काय करावं? सप्टेंबर २०१९ मध्ये आपण अशीच अचानक बंदी घातली होती. त्यानंतर दिल्लीत आलेल्या बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी व्यापाऱ्यांच्या सभेत हिंदीतून सांगितलं होतं की मी आमच्या स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितलं आहे, आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून मागवला असता. सभा हसली. पण त्यात एका जुन्या गिऱ्हाइकाची रास्त तक्रार होती. ज्याला आपला माल हवा आहे त्यालाच आपण सांगतोय की आमच्यावर विसंबू नका. पुढच्या वेळी तो दुसरीकडून मागवतो आणि मग त्याला परत आणायला वर्षं लागतात.

साखरेचंही असंच. २०२१-२२ च्या हंगामात आपण सुमारे ११० लाख टन साखर बाहेर पाठवली, ब्राझीलखालोखाल. पुढच्या हंगामात साधारण ६० लाख टनांची मर्यादा, त्याच्या पुढच्या हंगामात निर्यात जवळपास बंद. जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांना परवानगी मिळाली, तोवर गाळप हंगाम निम्म्यावर आला होता. कृष्णा-वारणेच्या काठच्या ऊस उत्पादकाला याचा अर्थ सरळ कळतो : कारखान्याच्या गोदामात साखर पडून राहिली की एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, एकरकमी न मिळता हप्त्यांनी मिळतो.

शहरातल्या गिऱ्हाइकाचं काय, हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. कांदा ८० रुपयांवर गेला की हातावर पोट असलेल्या घरात भाजी बदलते. सरकारने अशा वेळी हात बांधून बसावं असं मी म्हणत नाही. पण गरिबाला स्वस्त कांदा देणं हे जर सगळ्या समाजाचं कर्तव्य असेल, तर त्याचा खर्च सगळ्या समाजाच्या तिजोरीतून व्हायला हवा. त्यासाठी दर स्थिरीकरण निधी आहे, नाफेड आहे. बाजारभावाने खरेदी करा आणि स्वस्तात विका. बंदी घातली की हाच खर्च लोणंद-फलटणच्या शेतकऱ्याच्या खिशातून निघतो आणि सरकारच्या कुठल्याच हिशेबात दिसत नाही. अर्थसंकल्पात आला असता तर त्यावर चर्चा तरी झाली असती.

सांगलीच्या हळदीकडे पाहिलं की थोडा वेगळा धडा मिळतो. जगातल्या हळदीचा सर्वांत मोठा उत्पादक आपण. २०२३-२४ मध्ये देशातून १.६२ लाख टन हळद बाहेर गेली, सुमारे २२.६५ कोटी डॉलरची. बांगलादेश, अमिराती, अमेरिका, मलेशिया अशी गिऱ्हाइकं विखुरलेली, त्यामुळे एकाने पाठ फिरवली तर बाजार पार कोसळत नाही. टिकाऊ माल असल्यामुळे थांबताही येतं. हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, त्यासाठीच होती. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. पण इथेही बाजार बदलतोय, वेगळ्या तऱ्हेने. मार्केट यार्डातल्या सौद्यात अजून हळकुंड मोडून गाभ्याचा रंग बघतात आणि बोली लागते. परदेशातला औषध आणि अर्क काढणारा खरेदीदार कुरकुमिनचा, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचा, आकडा मागतो, शिसं नसल्याचा दाखला मागतो. मेघालयाची लाकाडोंग ७ टक्के आणि त्याहून जास्त कुरकुमिनच्या जोरावर नाव मिळवते आहे. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा अभिमान आहेच. पण सौद्याच्या जागीच स्वस्तात कुरकुमिन आणि शिसं तपासून मिळण्याची सोय उभी राहिल्याशिवाय त्या मानांकनाचे पैसे उत्पादकाच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबावर, दिसणार नाहीत. १९९७ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने हळदीचं अमेरिकन पेटंट रद्द करून घेतलं, ते लेखी पुराव्याच्या बळावर. बाजारातही यापुढे लेखी पुरावाच चालणार आहे.

कुपवाड, मिरज आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत अमेरिकेसाठी ओतकाम आणि सुटे भाग करणाऱ्यांनाही २०२५ च्या शुल्काची झळ बसली. त्यांची बाजू वेगळ्या लेखाची आहे. एवढंच म्हणतो की साचा बदलून दुसऱ्या देशाची ऑर्डर घेता येते, वेळ लागला तरी. वेलीचं तसं नाही.

मग करायचं काय? माझ्या मते पहिली गोष्ट विम्याची. १९५७ पासून आपल्याकडे निर्यात पतविमा देणारं सरकारी महामंडळ आहे, आजचं ईसीजीसी. परदेशातला खरेदीदार बुडाला, पैसे अडकले, तर निर्यातदाराला भरपाई मिळते. चांगली सोय आहे. पण ज्याच्या बागेतून तो माल उचलला त्या बागायतदाराला या विम्यात जागा नाही. त्याला मिळतो विसार, आणि उरलेल्या रकमेसाठी धनादेश किंवा नुसता शब्द. परदेशात काही बिघडलं की निर्यातदार त्याच्याकडे बोट दाखवतो, आणि त्याला बोट दाखवायला कोणी नसतं. दर वर्षी हंगाम संपता संपता उधारी बुडवून गायब झालेल्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जातात, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

दुसरीकडे, युरोपला जाणाऱ्या प्रत्येक बागेची नोंद २००६ पासून अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय नोंदप्रणालीवर आहे. प्लॉटचा क्रमांक, फवारणीची नोंद, नमुन्याचा अहवाल, पेटीवरचा सांकेतिक क्रमांक. रॉटरडॅमच्या दुकानातल्या पेटीवरून तासगावच्या कुठल्या प्लॉटातला घड आहे हे शोधता येतं. दोष शोधण्यासाठी एवढा नेमका माग उपलब्ध आहे, तर पैशासाठी तोच माग का वापरला जात नाही? निर्यातदाराने पतविमा घ्यावा, दावा मंजूर झाला तर ग्रेपनेटवर नोंदलेल्या प्लॉटांचे राहिलेले पैसे त्यातून आधी थेट बागायतदाराच्या खात्यावर जावेत. ज्या निर्यातदाराकडे मागच्या हंगामाची देणी बाकी आहेत त्याला पुढच्या हंगामाची नोंदणी मिळू नये. यासाठी नवं कार्यालय लागत नाही, फारसा नवा खर्च लागत नाही. दोन सरकारी यंत्रणांनी एकमेकींशी बोलायला हवं.

काही निर्यातदार म्हणतील की अशा अटींनी लहान व्यापारी मैदानातून जातील. काही जातीलही. पण जो व्यापार बागायतदाराच्या उधारीवरच चालतो, तो वाचवण्यासाठी बागायतदाराने जोखीम घेत राहावं ही अपेक्षा मला मान्य नाही. प्रामाणिक लहान निर्यातदारांसाठी विम्याच्या हप्त्यात सवलत देता येईल, ती द्यावी.

दुसरी गोष्ट वेळेची. निर्यातीचा नियम बदलायचा असेल तर तो पिकाच्या वेळापत्रकाने बदला. द्राक्षाबाबतचा निर्णय, मग तो करारातली सवलत असो, तपासणीची नवी यादी असो वा अनुदान, सप्टेंबर संपण्याआधी जाहीर व्हावा, कारण ऑक्टोबरात कात्री चालते. उसासाठी गाळपाचा परवाना देतानाच त्या हंगामाच्या निर्यातीचा कोटा सांगा. कांद्यासाठी रोप टाकायच्या आधी पुढच्या सहा महिन्यांचं धोरण लेखी द्या, आणि ते मधेच मोडावं लागलं तर मोडल्याच्या तारखेला चाळीत असलेल्या मालाची भरपाई सरकारने द्यावी. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाला, अमिराती आणि ऑस्ट्रेलियाशी २०२२ पासून करार लागू आहेत. या करारांनी कुठल्या फळावरचा कर कधीपासून किती उतरतो आणि तिथल्या तपासणीच्या अटी काय, हे मराठीत, एका पानावर, कृषी विभागाच्या प्रत्येक मंडल कार्यालयात लावलेलं असायला हवं. येत्या छाटणीच्या आधी एवढं तरी झालं पाहिजे, आणि आपल्या खासदार-आमदारांना गावसभेत, बागायतदारांच्या मेळाव्यात आपण हेच विचारलं पाहिजे : नवा बाजार शोधताय ते चांगलंच, पण तो सापडेपर्यंतच्या हंगामाची तरतूद कुठल्या खात्यात केली आहे?